निजामाच्या राज्यातले सोने आणि आपले हैदराबाद

१८८६ हे साल सोन्याच्या इतिहासात जोहान्सबर्गचे म्हणून ओळखले जाते. दक्षिण आफ्रिकेतल्या एका उजाड माळावर त्या वर्षी सोन्याचा थर सापडला आणि बघता बघता तंबूंची वस्ती उभी राहिली. दहा वर्षांत तिथे लाखभर माणसे राहू लागली. त्याच १८८६ साली लंडनमध्ये आणखी एका कंपनीची नोंदणी झाली, तिचे नाव हैदराबाद डेक्कन कंपनी. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या राज्यातील खनिजे शोधण्याचा आणि काढण्याचा ९९ वर्षांचा मक्ता तिच्या हाती होता. सोने, हिरे, कोळसा, जे सापडेल ते. लंडनच्या शेअर बाजारात गोवळकोंड्याचे नाव नुसते उच्चारले तरी पुरे होते.

जोहान्सबर्गचे महानगर झाले. आपल्याकडच्या सोन्याचे काय झाले, हे मात्र हैदराबादेत तीन-तीन, चार-चार पिढ्या काढलेल्या आपल्या घरांतही फारसे कोणाला माहीत नसते. मी इतिहासाचा पदवीधर नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून सरकारी खात्यात लागलो, रोजचे काम अंदाजपत्रकांचे आणि मोजमाप पुस्तकाचे. त्यामुळे कुठलेही शहर पाहिले की पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की याला पाणी कुठून आले, रस्ता कोणी केला आणि पैसे कोणी भरले. हैदराबादच्या सोन्याची गोष्टही मी त्याच नजरेने वाचली आहे.

आधी जगाची थोडी कल्पना हवी. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत १८५१ साली सोने सापडले तेव्हा तिथली गोरी वस्ती सुमारे ७७ हजार होती. १८६१ साली ती ५ लाख ४० हजारांच्या घरात गेली आणि मेलबर्न हे साम्राज्यातल्या श्रीमंत शहरांपैकी एक झाले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचे तेच झाले. तिथे खाणी लांब, डोंगरात होत्या. शहर मात्र बंदरावर वाढले, कारण फावडी, पीठ, दारू, बूट आणि कर्ज विकणारे सगळे बंदरावर बसले होते. खाण आणि शहर या दोन वेगळ्या जागा असतात, ही गोष्ट इथेच लक्षात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडेल.

सोन्यामागे धावणारी माणसे या देशातून त्या देशात फिरत असत. न्यूझीलंडमध्ये लढाईवर गेलेला आणि तिथल्या सोन्याच्या खाणी पाहिलेला मायकेल लॅव्हेल नावाचा एक आयरिश सैनिक निवृत्त होऊन बंगळूरला राहायला आला. जॉन वॉरन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८०२ साली लिहिलेला अहवाल त्याच्या वाचनात आला. कोलारच्या बाजूला मारिकुप्पमचे गावकरी माती धुऊन सोन्याचे कण काढतात, असे त्यात होते. लॅव्हेलने १८७३ साली म्हैसूर सरकारकडे अर्ज केला. त्याच्याजवळ भांडवल नव्हते, पण त्याने दार उघडले. त्याच सुमारास वायनाडमध्ये सोन्याची हूल उठली. १८८० च्या आसपास लंडनमध्ये तीसच्यावर कंपन्या निघाल्या आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक बुडाल्या. कोलारही बुडालेच असते, पण १८८० च्या दशकाच्या मध्यास जॉन टेलर आणि सन्स या खाणवाल्या पेढीला खोलवर चांगली शीर लागली. शेअरची किंमत चढली आणि लंडनची नजर दख्खनच्या पठाराकडे वळली. भूगर्भ खात्याचे रॉबर्ट ब्रूस फूट याच पठारावरील जुन्या काळ्या खडकांचे पट्टे नकाशावर उतरवत होते. धारवाड हे नाव त्यांनीच या खडकांना दिले. यातलाच एक पट्टा कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या मधल्या रायचूर दुआबातून जातो.

रायचूर दुआब म्हणजे निजामाचा मुलूख. यात एक गंमत आहे. १८५३ साली कंटिंजेंट फौजेच्या थकबाकीपोटी इंग्रजांनी निजामाकडून तीन प्रदेश आपल्या ताब्यात घेतले होते: वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूर दुआब. १८५७ च्या धामधुमीत निजाम सरकार इंग्रजांच्या बाजूने राहिले, त्याची परतफेड म्हणून १८६० साली धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही. पिवळ्या सोन्याची जमीन इंग्रजांनी परत केली आणि पांढऱ्या सोन्याची ठेवून घेतली! त्यांना रायचूरच्या पोटात काय आहे याची तेव्हा कल्पना नव्हती, पण वऱ्हाडचा कापूस त्यांना नीट ठाऊक होता.

त्या कापसाने काय केले ते मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. या पाच वर्षांत नेहमीच्या कमाईवर सात-आठ कोटी पौंड मुंबईत जास्तीचे आले असा हिशेब मांडला जातो. किल्ल्याचा तट पडला, मोठ्या इमारतींच्या योजना निघाल्या, समुद्र भरून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. मग युद्ध संपले आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचा डोलारा कोसळला. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८ लाख १६ हजार माणसे मोजली होती, १८७२ साली ती ६ लाख ४४ हजार भरली. पण तट पुन्हा बांधला गेला नाही आणि रूळ उखडले गेले नाहीत. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, १८७० साली खामगावच्या कापूस बाजारापर्यंत खास फाटा आला. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतला राजाबाई टॉवर तर पडझडीनंतर तेरा वर्षांनी, १८७८ साली पुरा झाला. मुंबई वाढली ती पैसा आला म्हणून, आणि पैसा गेल्यावरही वाढली ती त्या पैशातले काही जमिनीत रुतून राहिले म्हणून. वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या आणि निजामाच्या खजिन्याच्या वाट्याला यातले किती आले हा निराळाच विषय. १९०२ साली वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने देऊन टाकताना निजामाला वर्षाला २५ लाख रुपये ठरले, एवढेच इथे नोंदवतो.

आता हैदराबाद. त्या वेळचे शहर म्हणजे खरे तर शेजारी शेजारी वसलेली निरनिराळी गावे होती. मुसीच्या दक्षिणेला चारमिनारभोवतीचे जुने शहर. उत्तरेला रेसिडेन्सी आणि तिच्या हद्दीतले बाजार, म्हणजे आजचा आपला सुलतान बाजार, जिथे निजामाचा नव्हे तर रेसिडेंटचा कायदा चाले. १९३३ पर्यंत ही स्थिती होती. आणि हुसेन सागराच्या पलीकडे सिकंदराबाद, १८०६ पासूनची इंग्रजांची छावणी. १८७४ साली वाडीहून पहिली रेल्वे आली तीही सिकंदराबादेपर्यंत. रूळ टाकायला पैसा निजामाचा आणि सोय मुख्यतः छावणीची, असे त्या रेल्वेचे रूप होते.

१८८३ साली पहिले सालारजंग वारले आणि रेल्वे पुढे चांदा आणि बेजवाड्याकडे नेण्याचा करार लंडनच्या भांडवलदारांशी ठरू लागला. अट अशी, की कंपनीच्या भांडवलावर वीस वर्षे पाच टक्के व्याजाची हमी निजाम सरकारने द्यायची. फायदा झाला तर कंपनीचा आणि तोटा झाला तर रयतेचा. ही गोष्ट शहरातल्या काही शहाण्या लोकांच्या लगेच लक्षात आली. हैदराबाद कॉलेजचे प्राचार्य अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम यांनी कराराची कलमे लोकांपुढे ठेवा अशी मागणी केली. सरकारने अघोरनाथांना राज्याबाहेर घालवले. ते पुढे परतले, नामपल्लीला राहिले, आणि त्यांच्या घराला मुलीच्या, म्हणजे सरोजिनी नायडूंच्या पहिल्या कवितासंग्रहाचे नाव मिळाले: गोल्डन थ्रेशोल्ड. सोन्याचा उंबरठा! आबिड्सवरून नामपल्ली स्टेशनकडे जाताना आपण त्या उंबरठ्यावरून किती वेळा गेलो असू. आपल्या शहरातील पहिली आधुनिक राजकीय चळवळ रेल्वे आणि खाणी यांच्या कराराच्या अटींवरून झाली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती असे मला वाटते.

खाणीचा मक्ता ठरवण्यात सरकारच्या बाजूने पुढे होते अब्दुल हक, सरदार दिलेर जंग. रेल्वेचा करारही त्यांनीच लंडनला जाऊन केला होता. कंपनीचे भांडवल जाहीर झाले दहा लाख पौंड. पण त्यातले बहुतेक शेअर मक्ता मिळवणाऱ्यांनी पूर्ण भरलेले म्हणून स्वतःकडेच घेतले, रोख काही न भरता. प्रत्यक्ष जमीन खणायला जो पैसा राहिला तो एकूण आकड्याच्या मानाने चिमूटभर. पुढे निजाम सरकारने कंपनीचे शेअर चढ्या भावाने विकत घेतले, बाजारातून घेत आहोत अशा समजुतीने. नंतर उघडकीस आले की ते शेअर खुद्द दिलेर जंगांच्याच हातातून आले होते. सरकारचा माणूस, कंपनीचा संचालक आणि शेअर विकणारा, तिन्ही एकच. १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या खास समितीने या प्रकरणाची चौकशी केली. दिलेर जंगांना पद गेले आणि पैसे परत करावे लागले. मक्ता मात्र कायम राहिला. ज्याने कधी टेंडरची फाइल हाताळली आहे त्याला यातले शेवटचे वाक्य सर्वांत ओळखीचे वाटेल.

मग सोने सापडले का? सापडले. रायचूर जिल्ह्यात लिंगसुगूर तालुक्यात हट्टी नावाचे गाव आहे, इंग्रजी कागदांत हुट्टी. तिथे कंपनीच्या इंजिनियरांनी जमीन उघडली तेव्हा आपल्या आधी कोणी तरी येऊन गेले आहे हे त्यांना दिसले. जुन्या लोकांनी सहाशे फुटांहून खोल खणले होते. खडक जाळाने तापवायचा, पाणी ओतून तडकवायचा आणि फोडायचा, ही त्यांची रीत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, स्फोटकांशिवाय, पंपांशिवाय इतक्या खोल उतरलेल्या त्या माणसांचे नावगाव कुठेच नाही. सिव्हिलचा माणूस म्हणून सांगतो, त्या खोलीवर हवा कशी खेळवली असेल आणि पाणी कसे उपसले असेल, याचा विचार करू लागलो की हातातले काम बाजूला राहते.

याच भागात सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या बीडन नावाच्या खाण-इंजिनियरला १९१५ साली मस्कीच्या टेकडीवर एका शिळेवर कोरलेली अक्षरे दिसली. तो सम्राट अशोकाचा लेख निघाला. तोपर्यंत सापडलेल्या लेखांत राजाचा उल्लेख ‘देवांचा लाडका, प्रियदर्शी’ एवढाच येई. मस्कीच्या लेखात प्रथमच ‘अशोक’ हे नाव स्पष्ट मिळाले आणि प्रियदर्शी म्हणजेच अशोक यावर शिक्का बसला. निजामाच्या राज्यातल्या सोन्याच्या शोधाने देशाला दिलेली सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे मला विचारले तर मी ही शिळा सांगेन.

हट्टीची खाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाली आणि १९२० च्या सुमारास बंद पडली. त्या काळात तिथे शहर उभे राहिले नाही. रेल्वे नव्हती, नदी दूर, पाऊस बेताचा. पुढे १९४७ साली निजाम सरकारने हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी काढून काम पुन्हा सुरू केले. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत रायचूर म्हैसूर राज्यात गेले आणि कंपनीच्या नावातून हैदराबाद गळून हट्टी आले.

आता शेजारचे कोलार पाहा. तिथे सोने भरपूर निघाले, तळाला जाता जाता खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या. म्हैसूर सरकारने निघालेल्या सोन्यावर पाच टक्के रॉयल्टी घेतली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खाणींना वीज विकली. कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर वीजघर बांधले आणि १९०२ साली तिथून ९२ मैल तारा ओढून खाणी चालवल्या. त्या वेळी इतक्या लांब वीज नेण्याची उदाहरणे जगात मोजकीच होती. गिऱ्हाईक पक्के होते म्हणून वीजघर परवडले. उरलेल्या विजेवर १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले. पुढे उन्हाळ्यात कावेरीचे पाणी कमी पडून खाणींची वीज अडू नये, हे कृष्णराजसागर धरण बांधण्यामागचे एक मोठे कारण होते. ते धरण हाती घेणारे विश्वेश्वरय्या म्हणजे पुण्याच्या कॉलेजात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात वाढलेले, खडकवासल्याला स्वयंचलित दारे बसवणारे. आणि १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर पूर-नियंत्रणाचा आराखडा करायला हैदराबादेत आलेलेही तेच.

सोने निघते त्या गावाला त्या सोन्याने शहरपण येतेच असे नाही. सोन्यासाठी आणलेले रूळ, पाणी आणि वीज ज्या गावाच्या उपयोगी पडतात, ते गाव शहर होते. कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. सायनाइडच्या मातीचे डोंगर आणि जुन्या चाळी मागे राहिल्या. तमिळ, तेलुगू खाणकामगारांच्या तीन पिढ्यांनी तिथे फुप्फुसे झिजवली. त्यांची नातवंडे आज पहाटेची गाडी धरून बंगळूरला नोकरीला जातात.

मग आपल्या हैदराबादचे कोलार कोणते? ते सोन्याचे नव्हतेच. सोन्या-हिऱ्यांचे नाव सांगून पैसा उभारलेल्या त्या कंपनीला खरी कमाई दिली कोळशाने. भूगर्भ खात्याच्या विल्यम किंग यांना १८७२ च्या सुमारास येल्लंदूजवळ कोळसा सापडला होता. १८८० च्या दशकाच्या शेवटी रेल्वे वरंगल, डोर्नकल करत येल्लंदूला पोचली, पुढे बेजवाड्याला मिळाली, आणि १८८९ पासून सिंगरेणीचा कोळसा निघू लागला. तेलुगू माणसे त्या गावाला बोग्गुगुट्टा म्हणत, कोळशाची टेकडी. विसावे शतक उजाडेपर्यंत वर्षाला चार लाख टनांच्या वर कोळसा निघत होता. १९२० साली सिंगरेणी कॉलरीज ही कंपनी झाली. येल्लंदूचा कोळसा सरत आला तसे काम कोत्तागुडेमला सरकले आणि येल्लंदू मागे पडले. खाणीच्या गावाचे हे असे असते.

अघोरनाथांनी ज्या रेल्वेच्या अटींना विरोध केला तीच रेल्वे कोळसा आणू लागली. याचा अर्थ त्यांचे चुकले असा मुळीच नाही. हमीचे व्याज खजिन्याला वर्षानुवर्षे द्यावे लागले, आणि शेवटी १९३० साली निजाम सरकारने रेल्वे विकत घेतली, १९४५ साली सिंगरेणीचाही ताबा घेतला. म्हणजे आपल्याच जमिनीतली वस्तू दोनदा पैसे मोजून परत मिळवली. पण मिळवल्यावर तिचा उपयोग इथे झाला. १९२० च्या सुमारास हुसेन सागराच्या काठावर कोळशावर चालणारे वीजघर उभे राहिले. आज तिथे बाग, सिनेमागृह आणि सचिवालयाचा परिसर आहे, नव्या पिढीला खूणही सापडणार नाही. त्या विजेवर गिरण्या आल्या. १९२९ साली राज्याने एक कोटी रुपयांचा उद्योग निधी काढला. आझमाबाद, मुशिराबाद, सनतनगर या बाजूंना कारखाने वसले. खानेसुमारीचे आकडे बोलके आहेत. १९११ साली शहरात पाच लाखांच्या आसपास लोक होते, प्लेग आणि इन्फ्लुएंझाने १९२१ पर्यंत ते चार लाखांवर आले, आणि १९४१ साली सात लाखांच्या पुढे गेले.

या वाढत्या शहरात आपण कसे आलो? मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत येणारी मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास पुरी झाली. १९१६ साली काचीगुड्याचे देखणे स्टेशन झाले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी मराठवाड्यातून पेटी आणि वळकटी घेऊन प्रवास केला, ते बहुतेक या गाडीतून आले आणि स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहिले. काचीगुडा, कुतबीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार, गौलीगुडा हा आपला नकाशा त्या स्टेशनभोवती आखलेला आहे. कोणी रेल्वेत कारकून झाले, कोणी मालगुजारीत, कोणी वकील, कोणी विवेकवर्धिनीत मास्तर. १९०७ साली स्थापन झालेली ती शाळा याच वस्तीची. आपल्यापैकी कोणी सोने शोधायला आले नव्हते. पण सोने शोधणाऱ्यांच्या मागोमाग वाढलेल्या शहराने आपल्याला पगार दिला.

हट्टीची खाण आजही चालू आहे, देशात खाणीतून निघणाऱ्या सोन्यातला मोठा वाटा तिचाच. जायचे असल्यास रायचूरपर्यंत गाडीने जावे, पुढे लिंगसुगूरच्या रस्त्याने बस मिळते. मस्कीही त्याच बाजूला आहे. जुळवून आणले तर एका मुक्कामात खाण बाहेरून आणि अशोकाची शिळा जवळून, दोन्ही पाहून होतात.